बघण्यासारखं काही नाही

सहलीचा बेत आखताना मराठी माणूस तीन प्रश्न विचारतो: तिथे बघण्यासारखं काय आहे, जेवणाची सोय काय, आणि परत किती वाजता पोहोचू. खरा जीव दुसऱ्या प्रश्नात अडकलेला असतो, पण पहिल्याचं उत्तर धड मिळाल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर पडत नाही. धबधबा, किल्ला, समुद्र, जागृत देवस्थान, अगदीच काही नाही तर एखादा बरा सूर्यास्त, यांतलं काहीतरी दाखवावंच लागतं. आता सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे म्हणून गाव आहे. तिथल्या देवराईत दलदलीचं एक जंगल आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे द्यायचं झालं तर असं द्यावं लागतं: चिखल आहे. चिखलात झाडं आहेत, झाडांना मुळं आहेत, आणि मुळांमधून कसलीही घाई नसलेलं पाणी चाललं आहे. लांबचं काही दिसत नाही, कारण मध्ये झाडं येतात. जवळचं दिसतं, पण ते चिखलच असतं. एवढं ऐकल्यावर समोरचा जरा वाट बघतो आणि म्हणतो, ‘बरं, आणि?’ या ‘आणि’ला उत्तर नाही. ते नसावंच, असं माझं म्हणणं आहे. बघण्यासारखं काही नाही ही त्या जागेची उणीव समजून आपण ती भरून काढायला निघतो. आणि इतकी वर्षं त्या जंगलाची राखण या उणिवेनेच केली, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

जंगलाची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण ते आपल्या नात्यातलं आहे. श्रीखंडात, पुरणात, बासुंदीत जे जायफळ किसून पडतं आणि ज्याचे दोन वेढे सहाणेवर उगाळून चाटवले की बाळ झोपतं आणि बाळाबरोबर घरही झोपतं, त्या जायफळाच्या कुळातली ही झाडं. फुलझाडांच्या अगदी जुन्या घराण्यांपैकी हे एक. आपल्या डब्यातलं जायफळ मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं. त्याच्यासाठी डच आणि इंग्रज इतके भांडले, की १६६७ साली ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी रन नावाच्या जायफळाच्या चिमुकल्या बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. तेव्हाच्या हिशेबाने डचांनी इंग्रजांना चांगलंच फसवलं होतं. पश्चिम घाटातली भावंडं मात्र या भाऊबंदकीत कधीच नव्हती, कारण त्यांना वासच नाही म्हटलं तरी चालेल. त्यांच्यातल्या एकीची पत्री, म्हणजे आपली रामपत्री, खऱ्या जायपत्रीत भेसळ करायला वापरली जायची आणि व्यापारात तिला ‘बॉम्बे मेस’ असं नाव पडलं. जगाच्या मसाल्याच्या बाजारात मुंबईचं नाव भेसळीला द्यावं, यात व्यापाऱ्यांनी काही दूरदृष्टी दाखवली असेल तर ते त्यांनाच ठाऊक. सुगंध नाही म्हणून तह नाही, लढाई नाही, वखार नाही. सुगंधी चुलतभावाच्या वाट्याला तोफा आल्या आणि या बिनवासाच्या भावाच्या वाट्याला चिखल. दोघांत सुखी कोण झालं हे उघड आहे.

शास्त्राच्या दप्तरातही हे जंगल उशिराच चढलं. त्रावणकोरच्या रानातल्या अशा दलदलींची नोंद १९६० साली झाली, आणि १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी भारतातल्या वनप्रकारांची यादी नव्याने लावली तेव्हा ‘मिरिस्टिका दलदल’ हा स्वतंत्र प्रकार म्हणून तिला खातं मिळालं. केरळात कुळत्तुपुळा, अंचल, शेंदुर्णी, कर्नाटकात उत्तर कन्नड, गोव्यात सत्तरी, असे या जंगलाचे तुकडे वर सरकत येतात, आणि उत्तरेकडच्या टोकाशी आपलं बांबर्डे. महाराष्ट्रातली ही दलदल शास्त्रीय नियतकालिकात आली २०१८ साली. गावाला ती आधीपासून माहीत होती, पण गावाने ती ‘शोधली’ नव्हती. आपल्याकडे कुठलीही जुनी गोष्ट पांडवांनी एका रात्रीत बांधलेली असते. इथे पांडवांनाही श्रेय देता येत नाही, कारण बांधलेलं असं काही नाहीच, आणि या झाडांचं घराणं पांडवांच्या घराण्यापेक्षा कितीतरी जुनं आहे.

पण ‘मुळं आहेत’ एवढ्यावर त्या मुळांची बोळवण करणं हा अन्याय होईल. झाडाच्या मुळालाही श्वास लागतो. साध्या जमिनीत मातीच्या कणांमध्ये हवा खेळते. दलदलीत त्या सगळ्या फटींत पाणी भरलेलं असतं आणि मुळं अक्षरशः घुसमटतात. खारफुटीने यावर जो उपाय काढला तो मुंबईच्या खाडीत कुणालाही दिसतो, तिवराच्या मुळ्या चिखलातून पेन्सिलीसारख्या वर टोचलेल्या असतात. रानटी जायफळाने वेगळी तऱ्हा काढली. याचं मूळ चिखलातून वर येतं, हवेत एक गोल वळण घेतं आणि पुन्हा चिखलात जातं. जरा पुढे गेलं की पुन्हा वर, पुन्हा खाली. वर आलेल्या भागावर बारीक छिद्रं असतात, त्यांतून हवा आत घेतली जाते. विरार लोकलच्या डब्यात मधोमध सापडलेला माणूस नाक तेवढं छताच्या दिशेला उचलून दादरपर्यंत जगतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की या झाडांचं दादर येत नाही. वनस्पतीशास्त्रज्ञ या वळणांना गुडघेच म्हणतात आणि ते नाव अगदी नेमकं आहे. पंगतीला मांडी ठोकून बसलेल्यांचे गुडघे ओळीने दिसावेत तसे हे शेकडो गुडघे चिखलावर आलेले असतात: पंगत मांडली आहे, सगळे बसले आहेत, आणि वाढपी काही येत नाही. शिवाय काही झाडांना खोडातूनच आधारमुळं फुटून तिरकी खाली उतरतात, मांडवाच्या खांबांना दिलेल्या तिरक्या टेकूंसारखी. एवढ्या मऊ जमिनीत मोठं झाड उभं ठेवायचं तर कुणीतरी टेकू द्यायला हवा, आणि शेजाऱ्यांवर विसंबण्यापेक्षा स्वतःच द्यावा, असा या झाडाचा स्वभाव दिसतो.

हे सगळं बघण्यासारखं नाही का, असा प्रश्न इथे चाणाक्ष वाचक विचारेल. आहे, पण आपल्या अर्थाने नाही. आपल्याकडे ‘बघण्यासारखं’ या शब्दाचा एक ठरलेला अर्थ आहे आणि त्याला ‘पॉइंट’ म्हणतात. महाबळेश्वरात आर्थर सीट आणि एल्फिन्स्टन पॉइंट, माथेरानात पावलापावलाला पॉइंट. पॉइंट म्हणजे अशी जागा, जिथे पोहोचल्यावर आपण पोहोचलो हे कळतं, जिला कठडा असतो, आणि जिच्याकडे पाठ करून उभं राहता येतं. शेवटची अट महत्त्वाची, कारण फोटो पाठ केल्याशिवाय येत नाही. दलदलीच्या जंगलाने या तिन्ही अटी धुडकावल्या आहेत. पोहोचल्याची खूण म्हणजे बूट आत राहतो आणि पाय बाहेर येतो. कठडा नाही. आणि पाठ कशाकडे करायची हेच समजत नाही, कारण चहूबाजूंना तेच ते आहे. उजेडाचीही पंचाईत असते. वरच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खाली भरदुपारी संध्याकाळ. उत्तर कन्नडमधल्या अशाच एका जंगलाचं नाव कथलेकान, म्हणजे कानडीत अंधारं रान. ज्यांनी ते नाव ठेवलं त्यांनी पर्यटन विभागाचा सल्ला घेतला नसावा.

कथलेकानची गोष्ट माझ्या म्हणण्याला फार उपयोगी आहे. २००० साली तिथून झाडाची एक नवी जात जगापुढे आली, सेमेकार्पस कथलेकानेन्सिस. हा आपल्या बिब्ब्याचा सख्खा चुलता. बिब्बा म्हटल्यावर अंग खाजलं नाही तो मराठी नव्हे, पण हा चुलता चिखलात पाय रोवून उभा राहणारा आणि संख्येने अत्यंत थोडा. झुडूप किंवा गवत नव्हे, चांगलं उंच वाढणारं झाड, आणि ते विसावं शतक संपेपर्यंत शास्त्राच्या नजरेतून सुटलेलं. आता लक्षात घ्या, हे रान जोगच्या धबधब्यापासून फार लांब नाही. जोगला कित्येक पिढ्यांची माणसं आली, नवपरिणीत जोडपी आली, शाळांच्या सहली आल्या, सगळ्यांनी धबधब्याकडे पाठ करून फोटो काढून घेतले, कणसं खाल्ली आणि गेली. आजूबाजूच्या रानात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिकडे कुणी फिरकलं नाही. आणि कुणी फिरकलं नाही म्हणून बिब्ब्याचा चुलता शिल्लक राहिला. धबधब्याने गर्दी स्वतःच्या अंगावर घेतली, हे त्याचे उपकारच म्हणायचे.

याउलट जिथे बघण्यासारखं काही निघतं, तिथे काय होतं याचे पुरावे आपल्या दाराशी आहेत. साताऱ्याच्या वरचं कास पठार आधी गुराख्यांचं होतं, मग वनस्पतीशास्त्रज्ञांचं झालं, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि मग सगळ्यांचंच झालं. फुलं वितीएवढी, माणसं पाच-साडेपाच फुटांची. फुलांत लोळून फोटो काढण्याची हौस अशी की दिवसाला तीन हजार माणसं अशी मर्यादा घालावी लागली. भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात. काजवा चमकतो तो आपल्यासाठी नाही, जोडीदारासाठी. ती त्याची स्थळं पाहण्याची पद्धत आहे. आपण तिथे महोत्सव भरवला आणि मोटारींचे दिवे लावून अंधार बघायला गेलो. लग्न ठरवण्याच्या बैठकीत कुणी डोळ्यांवर हॅलोजन मारला तर कुठलं स्थळ जमेल? या दोन्ही ठिकाणी येणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. उलट प्रेमानेच आले होते. वैर झेपणाऱ्या निसर्गालाही आपलं प्रेम झेपत नाही, विशेषतः शनिवार-रविवारी.

आणि प्रेमाच्या मागोमाग सुशोभीकरण येतं. हा शब्द मराठीत ज्याने आणला त्याला झाडाचा आणि पाण्याचा काय राग होता कळत नाही. तळ्याचं सुशोभीकरण म्हणजे काठाला सिमेंट, टेकडीचं म्हणजे पायऱ्या, आणि उरलेल्या सगळ्याचं म्हणजे पेव्हर ब्लॉक. त्यात एक हायमास्ट दिवा, गावाच्या नावाआधी लाल बदाम असलेली अक्षरं, आणि उद्घाटकांच्या नावांची कोनशिला. बांबर्ड्याच्या वारसा स्थळाचं क्षेत्रफळ आहे २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्या आतबाहेर. एका मोटारीला उभं राहायला आणि वळायला मिळून पंचवीस चौरस मीटर धरले, तर या संपूर्ण प्राचीन जंगलात हजारेक गाड्या मावतील. कोट्यवधी वर्षांच्या घराण्याचा महाराष्ट्रातला वारसा एका बऱ्यापैकी मॉलच्या वाहनतळाएवढा आहे. तेव्हा ‘गाड्या लावायला जागा आहे का’ या प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर देण्याआधी, ती कुठली जागा हे पाहिलेलं बरं.

मग हे जंगल इतके दिवस राखलं कुणी? गोव्याच्या सत्तरी तालुक्यात बांबर इथे अशीच रानटी जायफळांची दलदल आहे आणि तिचं नाव आहे निरंकाराची राय. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही असा देव. माझ्या सगळ्या युक्तिवादापेक्षा हे नाव भारी आहे. जिथे बघण्यासारखं काही नाही, तिथे देवही असा नेमला की त्याच्यातही बघण्यासारखं काही नसावं! घाटातल्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वर्तक यांनी १९७०च्या दशकात केला, तेव्हापासून आपल्याला हे शास्त्राच्या भाषेतही माहीत आहे की जुन्या जंगलाचे कित्येक तुकडे केवळ देवाच्या नावावर टिकले. राईत कोयता चालवायचा नाही, पडलेलं लाकूडही घरी न्यायचं नाही, पायात वहाण घालून आत शिरायचं नाही. बुद्धिवादी माणूस याला अंधश्रद्धा म्हणेल. म्हणू दे; पण कारभार म्हणून बघा. वनरक्षकाची बदली होते, राईतल्या राखणदार देवाची होत नाही. राखणदार रजेवर जात नाही, भत्ता मागत नाही आणि त्याचा फोन कधी आवाक्याबाहेर नसतो. चूक झाली तर गाऱ्हाणं घालून सोक्षमोक्ष जागच्या जागी, वरच्या कोर्टात अपील नाही. या व्यवस्थेला धोका आहे तो नास्तिकांकडून नव्हे, जीर्णोद्धार समितीकडून. राईतल्या देवाला मुंबईतल्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून स्लॅबचं देऊळ बांधायचं ठरतं, आणि वर्गणी कमी पडली की राईतली चार झाडं विकून ती पुरी होते. निराकार देवाचा इथेही फायदा दिसतो. त्याच्या मापाचा गाभारा काढायचा तर आर्किटेक्ट अडकतो.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत वजनदार असा, की जे कुणी बघत नाही ते कुणाच्याही नकळत तुटतं. हे खरं आहे आणि मी ते झटकणार नाही. दलदलीची जागा सपाट असते आणि तिला बारमाही पाणी असतं. शेतकऱ्याला स्वप्नात दिसावी अशी. घाटातल्या अशा कितीतरी दलदलींत पूर्वी भातखाचरं झाली, सुपारीच्या बागा उभ्या राहिल्या. दोडामार्गच्या डोंगरांवर काजू आणि रबर कसं पसरलं ते रस्त्यावरूनही दिसतं. तिथे कुणी पर्यटक नव्हता म्हणून जंगल वाचलं असं झालं नाही. पण इथे ‘माहीत असणं’ आणि ‘बघून येणं’ या दोन गोष्टींची गल्लत होते. आपलं हृदय कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं, ते जपावं असंही वाटतं, पण त्यासाठी दर रविवारी ते उघडून बघावं लागत नाही. दलदलीची माहिती शाळेच्या पुस्तकात यावी, तलाठ्याच्या दप्तरात यावी, ग्रामसभेच्या ठरावात यावी. तिथे जितकी गर्दी होईल तितकी चांगली. केरळच्या दलदलींत बेडकाची एक जात मिळाली, २०१३ साली तिचं शास्त्रीय नाव ठेवलं मर्क्युराना, ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या नावावरून. फ्रेडीचं शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झालं, म्हणजे तोही घाटातलाच. (पाचगणीत पारशी पॉइंट आहे आणि फ्रेडी पारशी होता, तरी बेडकाने पॉइंट न निवडता चिखल निवडला.) आता त्या बेडकाचं नाव जगभरच्या क्वीनप्रेमींना आवडेल, त्याच्यासाठी ते वर्गणीही देतील. त्यांनी तिथे येऊन गाणं म्हणावं असं बेडकाचं काही म्हणणं नाही. त्याची त्याची मैफल आहे.

दुसरा आक्षेप पोटाचा: गावाला काय मिळतं? शहरातल्या माणसाने लेख लिहावेत आणि गावाने चिखल सांभाळावा, हा कुठला न्याय? आक्षेप रास्त आहे, उत्तरात पर्यटन आणण्याची घाई मात्र रास्त नाही. पर्यटकाच्या खिशातला रुपया कसा खर्च होतो ते बघा. त्यातला मोठा भाग पेट्रोलला जातो, त्याखालचा मुक्कामाला, आणि मुक्काम गोव्यात असतो. कारण मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी करण्यासारखं काहीतरी लागतं. उरलेल्याचे वेफर्स आणि पाणी. गावात राहते ती रिकामी बाटली. गावाला दलदलीकडून जे खरोखर मिळतं ते पाणी. पावसाळ्यात ही जागा पाणी धरून ठेवते आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं सोडत राहते. घरातल्या ज्या म्हातारीने पैसे कुठे ठेवलेत कुणाला ठाऊक नसतं, पण अडीनडीला जिच्या कनवटीतून हमखास नोट निघते, तिच्यासारखी. आणि राखणीचा मोबदला द्यायचाच असेल तर तो सरळ द्यावा. २००२च्या जैवविविधता कायद्यात वारसा स्थळ जाहीर झाल्याने ज्यांचं आर्थिक नुकसान होतं त्यांच्या भरपाईची योजना राज्याने करावी असं कलम आहेच, आणि गावागावांतून जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. पहारेकऱ्याला पगार देण्याऐवजी दारात तमाशा बसवून ‘तिकिटाचे पैसे घे’ म्हणावं, असं आपण दुसऱ्या कुठल्या तिजोरीच्या बाबतीत करत नाही.

तिसरा आक्षेप मध्यममार्गी माणसाचा असतो आणि तो नेहमीच लाकडी असतो. चिखलात कुणी उतरूच नये, वरून एक छानशी लाकडी वाट बांधा, दोन्ही बाजूंना कठडा, मधे माहितीफलक, म्हणजे जंगलही राहील आणि माणसंही बघतील. खाडीकाठच्या तिवरांत अशा वाटा आहेत आणि तिथे त्या शोभतातही, कारण कांदळवन लांबच लांब पसरलेलं असतं, त्याच्या एका कोपऱ्यात वाट घातली तरी बाकीच्याला पत्ता नसतो. साडेसहा एकरांत कोपरा कुठून आणायचा? वाटेला खांब लागणार, खांब चिखलात रोवायचे आणि चिखलात तर गुडघे. पंगतीतून वाढप्याला जायला वाट हवी म्हणून बसलेल्यांच्या गुडघ्यांत मेढी ठोकण्यासारखं ते होईल. आणि एकदा कठडा आला की पॉइंट आला, पॉइंट आला की त्याला नाव आलं, ‘नटमेग व्ह्यू’ किंवा तसलंच काही, आणि त्याच्याखाली उकडलेल्या शेंगा विकणारा आला. शेंगावाल्याबद्दल माझी तक्रार नाही. ओळीतला सगळ्यांत निरुपद्रवी माणूस तोच.

मग शास्त्रज्ञांनी तेवढं जायचं आणि आम्ही कर भरणाऱ्यांनी फक्त वाचायचं का, असं कुणी चिडून विचारेल. या चिडण्यात तथ्य आहे. म्हणून जाऊच नका असं मी म्हणत नाही. राईच्या अटींवर जा, आपल्या अटींवर नको, एवढंच. राईच्या अटी सोप्या आहेत आणि गावातल्या कुठल्याही आजोबांना तोंडपाठ आहेत. आधी गावात विचारायचं. चार-सहाजणांनीच जायचं. वहाणा बाहेर काढायच्या. आत उतरायचं नाही, काठाला उभं राहायचं, कारण जो चिखल आपल्याला नुसता चिखल दिसतो त्यात पुढच्या शंभर वर्षांची रोपं बोटाएवढी होऊन उभी असतात आणि पाय ठेवायला रिकामी अशी जागा तिथे नसतेच. बोलायचं नाही. धनेश वरून उडत गेला तर त्याच्या पंखांचा मोठा सूंसूं आवाज येईल, नाही गेला तर तोही नाही. दहा मिनिटांनी कंटाळा येईल. तो येऊ द्यावा. कंटाळलेला पाहुणा लवकर उठतो, आणि पुढच्या रविवारी आणखी वीस जणांना घेऊन येत नाही. त्या जंगलाला आजवर जे पाहुणे मिळाले त्यांतले सगळ्यांत चांगले हेच.

हा लेख वाचून कुणाला तिथे जावंसं वाटलं तर लेख फसला, हे मला कळतं; चिखलाचं इतकं वर्णन करायला नको होतं. झालं ते झालं. जाऊन आल्यावर कुणी विचारलं की काय बघितलं, तर ‘काही नाही’ म्हणा, आणि ते खोटंही ठरणार नाही. आणि एक. काठाशी खाली पडलेलं रानटी जायफळ दिसेल, हातात घ्यावंसं वाटेल. ते खिशात टाकून आणू नका. श्रीखंडाला ते चालत नाही, आणि एकदा सुकलं की रुजत नाही.